एका रुपयाचा वॉशर

गल्ल्याची किल्ली मामांकडे नव्हती. "असंल कुठंतरी. फोड की, कुणाला इचारतोयस?" असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा मी पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत एका जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटाशी उकिडवा बसलो होतो. पटाशी घालून दार उचकटलं. आत एक वाळलेली पाल, एसटीचं फाटकं तिकीट आणि एक लोखंडी वॉशर. रुपये मामांनी शेवटच्या दिवशी काढून घेतले असणार. वॉशर उचलला तर कड गुळगुळीत लागली. कानशीने घासल्यावर राहतात तसे चरे नाहीत, चक्क लेथवर टर्न केलेली. व्हर्नियर लावून पाहिला : २५ मिलिमीटर. जुन्या स्टीलच्या रुपयाएवढा, केसभर इकडेतिकडे नाही. मी तो स्क्रूच्या डबीत टाकला आणि कामाला लागलो.

मामा कुणाचेच मामा नव्हते. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानामागे, दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी चार मशीन मांडली होती. दाराला जाड निळा पडदा, आत झिरोचा दिवा आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं : 'शाळेच्या ड्रेसवर येऊ नये. उधार मागू नये. मशीनला लाथ मारू नये.' तिन्ही नियम रोज मोडले जात. पहिल्यावर आमचा तोडगा म्हणजे दप्तरात ठेवलेला एक रंगीत शर्ट. १९९४-९५ मध्ये एक डाव एक रुपयाला होता, आणि रुपया मिळवायचा राजमार्ग गिरणीवरून जायचा. दळण आणताना 'गिरणीवाल्याकडे सुटे नव्हते' एवढं सांगितलं की भागायचं. आईला हे सगळं तेव्हाच कळलं होतं, असं ती आता म्हणते. मला ते पटत नाही. कळलं असतं तर मी हा लेख लिहायला उरलो नसतो.

चारपैकी तीन मशीन आमच्या खिजगणतीत नव्हती. रांग लागायची ती 'मुस्तफा'पुढे. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉमने १९९३ मध्ये तो एका अमेरिकन कॉमिकवरून काढला. खेळायला चौघं : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. पण आपल्याकडे गावोगावच्या पोरांनी अख्ख्या गेमलाच पिवळ्या टोपीच्या मुस्तफाचं नाव देऊन टाकलं. तो पळायला सगळ्यांत चपळ आणि उडी मारून घातलेली त्याची लाथ म्हणजे देखणा प्रकार, हे एक कारण. दुसरं माझ्या मते असं, की त्या चौघांत ओळखीचं नाव तेवढंच होतं. जॅक कोण, मेस कुठला, देव जाणे; मुस्तफा मात्र सदर बाजारात कुणाच्या तरी शेजारी राहत असणार असं वाटायचं. हा गेम घरी खेळायच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. म्हणजे ज्याला मुस्तफा हवा त्याला निळ्या पडद्यामागे जाणं भाग होतं.

पार्लर पुढे बंद पडलं. टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम घरोघर आले, मग सायबर कॅफे आले, मग तेही गेले. गेल्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो असताना मामा भेटले. तीन मशीन त्यांनी कधीच भंगारात दिली होती. चौथं त्यांच्या पडवीत, अंगावर शेंगांचं पोतं घेऊन उभं होतं. मी किंमत विचारली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोत्याची किंमत विचारतोय. "घेऊन जा की. टेम्पोचं तेवढं तू बघ." छोटा हत्ती ठरवला आणि गाद्यांत गुंडाळून मशीन हायवेने पुण्याला आणलं. बायकोने दार उघडलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "वाळवी नाहीये ना?" होती. तळाच्या फळीत होती. ती गोष्ट मी चार दिवसांनी सांगितली.

मी तयारीनिशी उतरलो होतो. दोन वर्षं रात्री जागून परदेशातल्या हौशी लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. ही मंडळी मोठी कर्मठ. स्क्रूसुद्धा त्या सालचा हवा. बाजूचं चित्र मूळ कंपनीच्या छटेत छापून हवं. एकाने तर नाणं टाकायच्या दाराचा काळा रंग किती खरबरीत असावा यावर पाऊण तास घालवला होता. मला ते सोवळं आवडलं होतं. आपणही असंच करायचं, मूळ जसं होतं तसं, असं ठरवूनच मागची फळी काढली आणि माझं सोवळं तिथंच विटाळलं.

आत मूळ असं काही नव्हतंच. होता तो एक २१ इंची घरगुती रंगीत टीव्ही, डबा सोलून काढलेला आणि लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळलेला. स्पीकर गाडीतला. वायरी मोटारसायकलच्या, टेलिफोनच्या आणि एक लांबलचक तुकडा बहुधा लग्नाच्या रोषणाईचा. प्लायवूड वेगवेगळ्या जाडीचं, कारण ते पेट्यांचं होतं. आणि जिच्या जिवावर सगळा डोलारा, ती सर्किटची पाटी नकली. कॅपकॉमचं नाव कुठेच नाही. कुणीतरी कुठंतरी मूळ बोर्ड उलगडून, स्वस्तातल्या चिपा वापरून उतरवून काढलेली प्रत. बाहेर सनमायकावर चिकटवलेलं कागदी सोंग काय ते जपानी.

परंपरेला धरून एकच गोष्ट सापडली. बोर्डाच्या कडेला खोचलेला ५६ पिनांचा कनेक्टर, एका अंगाला २८, दुसऱ्या अंगाला २८. जपानी मशीनवाल्यांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास हे 'जामा' मानक घालून दिलं. पाच व्होल्ट कुठल्या पिनेवर, बारा कुठल्या, लाल-हिरवा-निळा कुठून निघणार, खेळायच्या दांड्याचं वर-खाली कुठून येणार, नाणं पडल्याची खबर कुठे पोचणार, सगळं ठरलेलं. बोर्ड उपसा, दुसरा खोचा. मशीन तेच, गेम नवा. जपानी कारखानदारांनी आपल्या सोयीसाठी केलेल्या या नियमाने मामांसारख्यांचे संसार चालले. हा नियम नसता तर टीव्ही, पेट्यांचं प्लायवूड आणि नकली बोर्ड यांची गाठ पडलीच नसती.

टीव्हीला हात लावायची माझी छाती नव्हती. पिक्चर ट्यूबच्या पाठीवर जी रबरी टोपी असते, तिच्याखाली वीस-बावीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास चार दिवस चौकशी केल्यावर एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक काका मिळाले. सत्तरी ओलांडलेली, हातात थरकाप नाही. त्यांनी आल्या आल्या मला दोन पावलं मागे उभं केलं. एक वायर ट्यूबवरच्या अर्थिंगच्या वेणीला बांधली, दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला, आणि स्क्रूड्रायव्हर हलकेच टोपीखाली सरकवला. चट् आवाज झाला. "डावा हात खिशात," ते म्हणाले, "दोन्ही हात आत घालणारा मेकॅनिक म्हातारा होत नाही."

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन आत पाहत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील भंगारात द्या. ते म्हणाले, "कुणी केलंय हे?"

मला काय माहीत. तीस वर्षांपूर्वीचा कुणी कोल्हापुरी मेकॅनिक. काकांनी मला एकेक दाखवलं. चॅनल पकडणारा ट्यूनर काढून टाकला होता. बोर्डातून येणारे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही सिग्नल थेट ट्यूबच्या मानेवरच्या प्लेटपर्यंत नेले होते, मध्ये प्रत्येकी एक छोटं ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवून. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, हा बोर्ड जवळजवळ ६० वेळा. आडव्या रेषांचा वेग मात्र दोघांचाही सेकंदाला पंधरा हजारांच्या वर, म्हणून हे लग्न जमतं. चित्र फक्त वर-वर पळत राहतं; ते धरून ठेवायला प्रीसेट नावाची एक बारीक चकती फिरवावी लागते. त्या प्रीसेटवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, हललं तर कळावं म्हणून. मेन लाइनचा झटका बोर्डात उतरू नये यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर होता. "पुस्तकात कुठं मिळत नाही हे," काका म्हणाले. "डोक्यातून काढलंय." त्या दिवशी त्यांनी चहाही नीट घेतला नाही.

कपॅसिटर मात्र गेले होते. काही फुगलेले, काहींच्या बुडाशी तपकिरी राळ. म्हणून चित्र दोन्ही कडांनी कंबर बारीक केल्यासारखं आत वळायचं. आम्ही इलेक्ट्रोलिटिक सगळेच्या सगळे बदलले. ८५ डिग्री उष्णता सोसणाऱ्यांच्या जागी १०५ वाले घातले. एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांशी सोल्डर सुटलं होतं, ते पुन्हा मारलं. ट्यूब तीच ठेवली. मशीन बंद असताना तिच्या काचेवर नीट पाहिलं तर खालच्या बाजूला 'इन्सर्ट कॉइन' ही अक्षरं धुरकट दिसतात. वर्षानुवर्षं तेच शब्द तिथंच चमकून काचेच्या आतला फॉस्फरचा लेप भाजला गेला आहे. काका म्हणाले, याला औषध नाही. मला औषध नकोच होतं.

माझ्या एका मित्राने या सगळ्यावर उपाय सुचवला होता : एलसीडी लाव, आत रास्पबेरी पायचा छोटा कॉम्प्युटर टाक, दहा हजार गेम, तासाभराचं काम. तो आमच्याकडे जेवायला येतो, म्हणून मी फार काही बोललो नाही.

बोर्ड सुरू झाला तेव्हा मुस्तफा उभ्या पट्ट्यांच्या रूपात अवतरला. डोकं एकीकडे, पाय तिसरीकडे, मध्ये रंगीत गवत. कडेच्या पिना शाळेच्या खोडरबराने घासल्या. हा उपाय मला वाटलं आपलाच असेल, पण जगभर हाच चालतो. थोडा फरक पडला. मग चिपांकडे वळलो. गेमचा सगळा मजकूर अशा चिपांमध्ये होता, ज्यांच्या डोक्यावर काचेची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील किरण आत गेले की मजकूर पुसला जातो, म्हणून वर स्टिकर लावतात. मामांच्या मेकॅनिकने कॅलेंडरच्या पानाचे चौकोन कापून चिकटवले होते. एकावर 'संकष्ट' एवढंच वाचता येत होतं. एका चिपेवरचा कागद पडून गेला होता, आणि रोग तिथंच निघाला.

इथे एका परदेशी माणसाचे आभार मानायला हवेत. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रकल्प सुरू केला. जुन्या मशीनच्या बोर्डांवरचा मजकूर चिपेगणिक उतरवून ठेवायचा आणि ते यंत्र कसं चालायचं याची नोंद करायची, असं ते काम. मला गंमत वाटली ती ही, की त्यात मूळ बोर्डांच्या बरोबरीने नकली बोर्डांचीही वेगळी खाती आहेत. ते सगळे कुलशील विचारत बसत नाहीत. माझ्या चिपा एकेक वाचल्या, नोंदीशी ताडून पाहिल्या, सदोष निघाली तिच्या जागी नवी भरून घातली. मुस्तफाला पाय आले.

याच वाचनात आणखी एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. कॅपकॉमने नक्कल थांबावी म्हणून या गेमच्या मूळ बोर्डांत एक बॅटरी बसवली होती. कुलुपाची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर स्मृतीत राहायची. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि बोर्ड मेला. हौशी लोक आता त्यांना पुन्हा जिवंत करण्याच्या युक्त्या वापरतात, पण आपोआप ते जगले नसते. नकली बोर्डात बॅटरीच नव्हती. चोरांनी कुलूप फोडलेलं असल्यामुळे त्यांना किल्ली सांभाळायचं कारण नव्हतं. शेंगांच्या पोत्याखाली तो इतकी वर्षं निवांत पडून राहिला आणि एक चिप बदलताच उठून बसला.

आवाजाचंही तेच. मूळ गेमचं संगीत फार वरच्या दर्जाचं आहे, नकली बोर्डाला ते झेपत नाही. कॉम्प्युटरवर मी मूळ ऐकलं तेव्हा मला ते खोटं वाटलं. कुणीतरी आपल्या गावच्या बँडवाल्याचं गाणं मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घ्यावं तसं. माझ्या कानातला मुस्तफा घोगरा आहे, किरकिरा आहे आणि गाडीच्या स्पीकरमधून येतो.

आता गुन्ह्याची कबुली. १९९५ च्या उन्हाळ्यात आम्हाला कुणीतरी सांगितलं की गॅसच्या लायटरने मशीनला फसवता येतं. खोटं वाटेल, पण यात शास्त्र आहे. लायटरची ठिणगी म्हणजे क्षणभराचे काही हजार व्होल्ट. तिची लहर हवेतून पसरते, नाण्याच्या खटक्यापासून बोर्डापर्यंत गेलेली लांब वायर ती अँटेनासारखी पकडते आणि बोर्डाला वाटतं, रुपया पडला. मी स्वयंपाकघरातला लायटर दप्तरात घालून नेला. नाण्याच्या फटीशी धरून टिकटिक केलं आणि क्रेडिट आलं. आठ दिवस आम्ही राजे होतो. नवव्या दिवशी लायटर चालेना. दुसऱ्याच्या घरचा आणला, तोही नाही. ओला झाला असेल, स्प्रिंग ढिली पडली असेल, अशा चर्चा करून आम्ही तो विषय सोडला. मामा स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

तीस वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, मी नाण्याच्या खटक्याच्या वायरी तपासत होतो. खटक्याच्या दोन पायांमध्ये एक चपटा, मसुराएवढा कपॅसिटर आडवा सोल्डर केलेला दिसला. वर १०४ छापलेलं. बाकी सगळं सोल्डर काळपट, याचं तेवढं वेगळं. म्हणजे मागाहून लावलेला. हा इथे कशाला, असा विचार करत होतो आणि मग हातातला मीटर खाली ठेवला. इतक्या छोट्या कपॅसिटरला खऱ्या खटक्याची फिकीर नसते, पण ठिणगीचा निमिषभराचा झटका तो गिळून टाकतो. मामांनी आम्हाला एक शब्द बोलला नव्हता. कान पिळला नव्हता, घरी सांगितलं नव्हतं. मेकॅनिकला बोलावून चार आण्याचा पार्ट लावून घेतला होता आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं होतं.

संध्याकाळी फोन केला. लायटरचं काढायचं धाडस झालं नाही, म्हणून वॉशरपासून सुरुवात केली.

"मामा, गल्ल्यात वॉशर घावला."

"एकच?" मामा म्हणाले. "एका म्हैन्याला सतरा घावल्यालं."

कोण टाकायचं ते त्यांना माहीत होतं. उद्यमनगरात लेथवर कामाला असलेला एक पोरगा. "मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"दांडा कोण करून देणार मग? पोरं दर दोन म्हैन्याला दांडा मोडायची. त्यो सुट्टीदिवशी मोडका घेऊन जायचा, सांजच्याला नवा टर्न करून आणायचा. पैशे घेत नव्हता." फोनवर जरा शांतता. "वॉशर टाकायचा."

त्याआधी मी जपानी कंपनीचे दोन दांडे मागवून बसवले होते. उत्तम माल. बोट लावलं की वळणारे, लोण्यासारखे. ते काढून डब्यात ठेवले. उद्यमनगरचा दांडा जड आहे, त्याची स्प्रिंग कसल्या तरी पंपाची असावी, आणि अर्धा तास खेळलं की तळहाताला वळ उठतो. आतले मायक्रोस्विच तेवढे बदलले.

सुताराने तळाची वाळवी लागलेली फळी काढून नवी घातली. बाकी सनमायका तसाच ठेवला. त्यावर विडीचे नऊ डाग आहेत, बाण घुसलेला एक बदाम आहे आणि खिळ्याने कोरलेलं 'एका रुपयात शेवट'. ही बढाई खरी की खोटी, यावर आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीन दिवस वाद झाला आणि दोघं जण अजून बोलत नाहीत. वरच्या काचेवर एका साइनबोर्ड पेंटरने रंगवलेला डायनासोर आहे. त्याने घोरपड पाहिली असणार आणि ऐकीव माहितीवर तिला दात लावले असणार. पुसट झालेला रंग पुन्हा भरावा का, हे मी दोन आठवडे ठरवू शकलो नाही. शेवटी काच फक्त साबणाच्या पाण्याने पुसली आणि मागची ट्यूबलाइट बदलली. घोरपड अशी काही उजळली की शेजारची मुलगी घाबरून आईला चिकटली.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सगळं जोडून झालं. रात्रीचे अकरा वाजले होते, घर झोपलेलं. मागची फळी लावली, बटण दाबलं. ट्यूबने अंग मोडल्यासारखा आवाज केला आणि चित्र आलं, सरळ कडांचं. पडद्यावरचे 'इन्सर्ट कॉइन' हे शब्द काचेवर भाजलेल्या शब्दांवर बरोबर जाऊन बसले.

खिशातून रुपया काढून टाकला. खळ्ळकन खालच्या वाटीत परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा परत. तेव्हा लक्षात आलं. हा २०११ नंतरचा रुपया, २२ मिलिमीटरचा. मशीनच्या लेखी ते नाणंच नव्हतं. घरभर डबे उपसले. जुना रुपया एक मिळेना. देव्हाऱ्यात होता, पण तो चांदीचा आणि लक्ष्मीचा.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि लायटर घेऊन आलो. फटीशी धरून टिकटिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. मामांचा कपॅसिटर जागा होता.

"काय चाललंय?" आतून बायकोचा आवाज आला.

"काही नाही. गॅस बघतोय."

लायटर जागेवर ठेवला. मग स्क्रूच्या डबीतून वॉशर शोधून काढला, शर्टाला पुसला आणि फटीत सोडला. तो आत घरंगळत गेला, खटक्यावर पडला, गल्ल्यात टणत्कार झाला. पडद्यावर क्रेडिट १ आलं. मी दांडा उजवीकडे ढकलत पिवळ्या टोपीपर्यंत नेला.